'आणि' की 'किंवा' : अनुच्छेद २० (२) मधून सुटलेला माणूस

(राज्यघटनेच्या वाचनावरील व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या वेळी आपण अनुच्छेद २० चा पहिला भाग वाचला. कृत्य घडलं तेव्हा जो गुन्हाच नव्हता, त्याबद्दल मागाहून कायदा करून शिक्षा देता येत नाही, असा तो भाग. आज दुसरा. इंग्रजी मूळ पाठात जेमतेम चौदा शब्द आहेत. त्या चौदांपैकी एका शब्दावर आम्ही आज बहुतेक सगळा वेळ घालवणार आहोत, तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो.

सुरुवात आमच्या एका चुकीपासून. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या कोर्टाबाहेर एक गृहस्थ भेटले. बांधावरून झालेल्या मारामारीचा खटला, नऊ वर्षं तारखा, आणि शेवटी निर्दोष मुक्तता. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत ठेवली होती. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "साहेब, अपिलाची मुदत तर गेली. पण समोरच्यांनी पुन्हा फिर्याद दिली तर हे सगळं परत उघडेल का?" आम्ही छातीठोकपणे म्हणालो, "नाही हो काका. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, घटनेतच लिहिलंय." काका खूश झाले. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

घरी येऊन आम्ही अनुच्छेद पुन्हा वाचला आणि जरा घाम फुटला. काकांना दिलेलं उत्तर बरोबर होतं, पण त्याचं कारण आम्ही चुकीचं सांगितलं होतं. काकांवर पुन्हा खटला होणार नव्हता हे खरं. पण त्यांना वाचवणारी गोष्ट घटनेत नव्हती. आणि या फरकाला किंमत आहे, असं आमचं म्हणणं आहे.

तर तो पाठ काय सांगतो? इंग्रजीत दोन क्रियापदं आहेत, खटला चालवणं आणि शिक्षा देणं. दोन्ही एका 'अँड'ने जोडलेली आहेत आणि नकार दोघांना मिळून एकच आहे. मराठीत हे वाक्य सांगायला गेलं की गंमत होते. आपण सहज म्हणतो, "एकाच अपराधाबद्दल कुणावर एकाहून अधिक वेळा खटला चालवला जाणार नाही आणि त्याला शिक्षा दिली जाणार नाही." इथे 'नाही' दोनदा आलं. मराठी कानाला हे दोन स्वतंत्र निषेध वाटतात. खटलाही नाही, शिक्षाही नाही. पण न्यायालयांनी इंग्रजी वाक्याचा जो अर्थ लावला आहे, तो मराठीत प्रामाणिकपणे सांगायचा तर असं म्हणावं लागेल: "एकाच अपराधाबद्दल कुणालाही एकाहून अधिक वेळा खटला चालवून शिक्षा दिली जाणार नाही." या 'चालवून'मध्ये सगळी मेख आहे. म्हणजे पहिल्या वेळी खटलाही झालेला हवा आणि शिक्षाही. दोन्ही झालं असेल तरच घटना दुसऱ्या वेळी दार बंद करते. पहिल्या वेळी खटला झाला पण तुम्ही निर्दोष सुटलात, तर या अनुच्छेदाच्या लेखी तुमच्या बाबतीत पहिल्यांदा काही घडलंच नाही.

पुन्हा सांगतो, कारण पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. ज्याला दोषी ठरवलं त्याला घटनेचं संरक्षण आहे. ज्याला निर्दोष ठरवलं त्याला या अनुच्छेदाचं नाही.

हे कसं झालं? घटना समितीच्या १९४८ च्या मसुद्यात हा अनुच्छेद १४ होता, आणि त्याच्या दुसऱ्या खंडात एवढंच होतं की एकाच अपराधाबद्दल कुणालाही एकाहून अधिक वेळा शिक्षा होणार नाही. 'खटला' हा शब्द नव्हताच. डिसेंबर १९४८ मध्ये चर्चा झाली तेव्हा टी. टी. कृष्णमाचारी यांनी दुरुस्ती मांडली की शिक्षेच्या आधी 'खटला चालवून' या अर्थाचे शब्द घाला. त्यामागची चिंता व्यवहारी होती. एखाद्या सरकारी नोकरावर खात्याने चौकशी करून कारवाई केली, त्याची पगारवाढ रोखली किंवा त्याला बडतर्फ केलं. मग त्याच लाचखोरीबद्दल फौजदारी खटला भरायला गेलं की तो म्हणेल, मला एकदा शिक्षा झाली, आता घटना आड येते. ही पळवाट बुजवायची होती. दुरुस्ती स्वीकारली गेली.

इथे दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवायला हव्यात. कृष्णमाचारींनी निर्दोष माणसाचं संरक्षण काढून घेतलं, असं कुणी म्हणालं तर ते अन्यायाचं होईल. मूळ मसुद्यातही ते नव्हतं. तिथे फक्त शिक्षा झालेल्याचा विचार होता. म्हणजे सुटलेला माणूस मसुद्यातूनच सुटलेला होता. दुरुस्तीने एवढंच झालं की पाठात खटल्याचा शब्द आला, आता तो योग्य जागी बसवायची संधी होती, आणि ती गेली. आमचं म्हणणं असं की ती पळवाट बुजवायला 'आणि'ची गरजच नव्हती. अनुच्छेदात 'अपराध' हा शब्द आहे. अपराध म्हणजे कायद्याने दंडनीय ठरवलेलं कृत्य. खातेनिहाय चौकशीत तपासलं जातं ते गैरवर्तन, नोकरीच्या नियमांचा भंग. म्हणजे बडतर्फी ही 'अपराधाबद्दलची शिक्षा' नव्हेच, असं एका शब्दाच्या जोरावर सांगता आलं असतं. शंका उरलीच असती तर 'न्यायालयाकडून' असा शब्द घालायचा. एका लहान भोकासाठी भिंतच आत सरकवण्याचं कारण नव्हतं.

घटना समितीत इतके कायदेपंडित बसले होते, त्यांना हे दिसलं नसेल का? आमचा अंदाज असा की दिसलं असेल, पण टोचलं नसेल. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४०३ होतंच, आणि त्यात दोषी ठरलेला आणि निर्दोष सुटलेला, दोघांनाही पुन्हा खटल्यापासून संरक्षण होतं. घरात दिवा आहे म्हटल्यावर अंगणात दुसरा कशाला, असा तो विचार असावा. हा अंदाज आहे, दावा नव्हे.

आता निकालांकडे. पहिला मोठा निकाल मुंबईचाच आहे आणि गोष्ट म्हणूनही चांगली आहे. ६ नोव्हेंबर १९४९. जेद्दाहून आलेला एक प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर उतरतो. सोनं आणल्याचं सांगत नाही. झडतीत १०७ तोळ्यांहून थोडं जास्त सोनं सापडतं. कस्टमचे अधिकारी सागरी सीमाशुल्क कायद्याखाली सोनं जप्त करतात आणि पर्याय देतात की चार महिन्यांत १२,००० रुपये दंड भरा आणि सोनं सोडवून न्या. कुणी येत नाही. मग मार्च १९५० मध्ये त्याच माणसावर, त्याच सोन्याबद्दल, परकीय चलन नियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्याखाली प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटसमोर फिर्याद दाखल होते. तो म्हणतो, सोनं गेलं ही माझी शिक्षा झाली. आता घटना लागू झाली आहे, दुसऱ्यांदा कसं? हाच मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य हा खटला. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये त्याचं म्हणणं फेटाळलं. कस्टमचा अधिकारी हे न्यायालय नव्हे, पुराव्याचे नियम त्याला बांधत नाहीत, जप्ती ही मालावरची कारवाई आहे. त्यामुळे पहिल्या वेळी 'खटला' झालाच नाही, असं न्यायालय म्हणालं.

या निकालाचं आम्हाला पटतं आणि पटत नाही. पटतं ते अशासाठी की प्रत्येक प्रशासकीय दंडाला खटला मानलं तर महापालिकेचा पावतीवाला दंडही फौजदारी कारवाई अडवून बसेल. पटत नाही ते अशासाठी की जो माणूस तिथे उभा होता त्याच्या बाजूने पाहिलं तर १०७ तोळे सोनं जाणं ही काही पावती नव्हे. त्या काळी तो आयुष्यभराचा ऐवज. न्यायालयाने प्रश्न विचारला तो 'शिक्षा कुणी दिली' असा. 'शिक्षा केवढी होती' असा विचारलाच नाही. आणि तेव्हापासून आजपर्यंत साधारण तोच प्रश्न विचारला जातो. दंड देणारी सरकारी खाती तेव्हापासून किती वाढली ते तुम्हीच मोजा.

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, व्यंकटरामन यांचा खटला आला. हे आयसीएस अधिकारी. त्यांच्यावर १८५० च्या कायद्याखाली चौकशी झाली. ही चौकशी साधी नव्हती. तिथे आरोप लेखी ठेवले जातात, साक्षी शपथेवर होतात, उलटतपासणी होते. बाहेरून पाहणाऱ्याला कोर्टच वाटावं. चौकशीअंती ते बडतर्फ झाले आणि मग फौजदारी खटला भरला गेला. न्यायालय म्हणालं की हे सगळं नोकरीबद्दलचा अहवाल देण्यापुरतं होतं, खटला नव्हे. आणि तिथेच हेही स्पष्ट झालं की अनुच्छेदाचा आधार घ्यायचा तर खटला आणि शिक्षा, दोन्ही एकत्र असावं लागतं. ज्या चिंतेतून 'आणि' आला होता तिचं काम झालं. प्रश्न असा की 'आणि' तेवढंच काम करून थांबला का?

थांबला नाही. १९५३ मध्येच कलावती यांच्या खटल्यात, निर्दोष मुक्ततेविरुद्ध सरकारने अपील केलं तर ते दुहेरी खटला ठरतं का, असा प्रश्न आला. उत्तर होतं, नाही; अपील म्हणजे तोच खटला पुढे चालू राहणं, आणि शिवाय आधी शिक्षा झालेली नव्हती. यातलं पहिलं कारण पक्कं आहे. दुसऱ्या कारणाची तिथे गरजच नव्हती, पण ते तिथे आलं, आणि तेव्हापासून 'शिक्षा नाही तर अनुच्छेद २० (२) नाही' हे सूत्र वकिलांच्या तोंडी बसलं.

अपिलाचं बोलतोच आहोत तर नानावटी. कुठेही या विषयावर बोललं की कुणीतरी उठून विचारतं, ज्यूरीने सोडलं होतं ना, मग पुन्हा शिक्षा कशी? ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने सोडलं होतं हे खरं. पण सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य नव्हता आणि तेव्हाच्या संहितेत अशा वेळी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवायची सोय होती. म्हणजे पहिला खटला संपलाच नव्हता. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दुहेरी खटल्याशी त्याचा संबंध नाही. सिनेमावाल्यांनी यावर पुष्कळ गोंधळ केलाय. १९९९ चा तो हॉलिवूडपटही आठवत असेल, नवऱ्याच्या खुनाबद्दल शिक्षा भोगलेल्या बाईला कळतं की नवरा जिवंत आहे, आणि तिला सांगितलं जातं की आता खुशाल मार, तुला कुणी हात लावू शकत नाही. (हशा) असं करू नका. नवीन दिवशी केलेला खून हा नवीन गुन्हा असतो.

बरं, मग आमच्या काकांना वाचवतं कोण? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३००, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३७. सक्षम न्यायालयात खटला चालून दोषी ठरलेला किंवा निर्दोष सुटलेला माणूस, तो निकाल कायम असेपर्यंत, त्याच अपराधासाठी पुन्हा खटल्यात ओढला जाणार नाही. इतकंच नाही, त्याच तथ्यांवरून त्या वेळी दुसरा आरोप ठेवता आला असता, तर त्यासाठीही नाही. कलम उत्तम आहे. घटनेपेक्षा रुंद आहे. आमची तक्रार कलमाबद्दल नाही, ते कुठे ठेवलंय त्याबद्दल आहे.

कारण संहिता म्हणजे साधा कायदा. संसदेत साध्या बहुमताने बदलता येतो. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत असल्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यंही आपापल्या पुरती दुरुस्ती करू शकतात. घटनेतला हक्क असा बदलत नाही. तो मोडला तर माणूस थेट अनुच्छेद ३२ खाली दिल्ली गाठू शकतो. आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद २० आणि २१ हे दोन असे आहेत की आणीबाणीतही त्यांच्यासाठी कोर्टात जायचा मार्ग बंद करता येत नाही. आणीबाणी ज्यांनी पाहिली त्यांना या वाक्याचं वजन सांगायला नको. अशा भक्कम खोलीत आपण शिक्षा झालेल्याला बसवलं आणि निर्दोष ठरलेल्याला ओसरीवर ठेवलं.

"पण कायदा बदलणार कोण?" असं आम्हाला विचारलं जातं. इंग्लंडने बदलला. तिथे हे संरक्षण शतकानुशतकं चालत आलेलं, पण लिखित घटना नाही. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा १९९३ मध्ये लंडनमध्ये खून झाला. संशयितांपैकी काही जण १९९६ मध्ये निर्दोष सुटले. तपासावर प्रचंड टीका झाली, चौकशी समितीने नियमाचा फेरविचार सुचवला, आणि २००३ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत नवा आणि सबळ पुरावा मिळाला तर निर्दोष मुक्तता रद्द करून पुन्हा खटला चालवायची सोय झाली. तीही मागच्या काळाला लागू. लॉरेन्स प्रकरणात सुटलेल्यांपैकी एकाला २०१२ मध्ये दोषी ठरवलं गेलं. आम्हाला त्या निकालाचं वाईट वाटत नाही, उलट. शिवाय तिथे अटी कडक आहेत. अभियोग खात्याच्या प्रमुखांची संमती लागते, अपील न्यायालयाची परवानगी लागते, आणि हे एकदाच करता येतं. मुद्दा एवढाच की जे साध्या कायद्यात असतं ते साध्या कायद्याने जातं. तिथे ते विचार करून, अटी घालून गेलं. दुसरीकडे, दुसऱ्या वातावरणात, एखाद्या गाजलेल्या निकालानंतर रस्त्यावर मोर्चे निघाले असताना घाईत विधेयक आलं, तर या अटी असतीलच असं नाही. आणि त्या विधेयकाला अनुच्छेद २० (२) अडवणार नाही.

याला एक चांगलं उत्तर आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. मनेका गांधी निकालानंतर, म्हणजे १९७८ नंतर, अनुच्छेद २१ मधली 'प्रक्रिया' न्याय्य आणि वाजवी असावी लागते. निर्दोष माणसाला मनाला येईल तेव्हा पुन्हा खटल्यात ओढणारा कायदा या कसोटीवर टिकणार नाही, असं कुठलाही चांगला वकील म्हणेल. आम्हीही तेच म्हणू. पण पाहा, हे 'म्हणावं' लागेल. युक्तिवाद करावा लागेल आणि खंडपीठाला तो पटावा लागेल. शिक्षा झालेल्याला मात्र युक्तिवाद लागत नाही, तो पाठावर बोट ठेवतो.

शेजाऱ्यांकडे पाहू. पाकिस्तानच्या १९७३ च्या राज्यघटनेचा अनुच्छेद १३ जवळपास आपल्यासारखाच आहे, तीच दोन क्रियापदं. फक्त मधला शब्द 'किंवा' आहे. कुणावरही एकाच अपराधाबद्दल एकाहून अधिक वेळा खटला चालणार नाही किंवा शिक्षा होणार नाही. एवढ्याने निर्दोष सुटलेला माणूस घटनेच्या आत आला. तिथली न्यायव्यवस्था आपल्यापेक्षा बरी, असं आम्ही अजिबात म्हणत नाही आहोत. पण मसुदा करणाऱ्याने नजरेसमोर कोणता माणूस ठेवला होता, ते एका शब्दावरून कळतं. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही अनुच्छेद १४ (७) मध्ये दोषी ठरलेला आणि निर्दोष ठरलेला, दोघंही आहेत. भारत १९७९ मध्ये त्या करारात सामील झाला. अमेरिकेच्या पाचव्या दुरुस्तीत तर शिक्षेचा उल्लेखच नाही, 'धोक्यात घालणं' एवढाच शब्द आहे, आणि खटला सुरू झाला की माणूस धोक्यात आला. अर्थात भगदाडं तिथेही आहेत. रॉडनी किंगला मारणारे पोलीस राज्याच्या कोर्टात १९९२ मध्ये सुटले, मग त्यातल्या दोघांना पुढच्या वर्षी केंद्राच्या कोर्टात शिक्षा झाली, कारण तिथे राज्य आणि केंद्र ही दोन वेगळी सार्वभौम सत्ता मानली जातात.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. एक श्रोते मागच्या आठवड्यातच म्हणाले होते, "सर, निर्दोष सुटणारे सगळे निर्दोष असतात का? साक्षीदार फोडून सुटलेल्याला तुम्ही घटनेचं कवच देणार?" आक्षेप खरा आहे. वडोदऱ्याचं बेस्ट बेकरी प्रकरण घ्या. मार्च २००२ मध्ये १४ जणांचा बळी गेला. जून २००३ मध्ये सगळे २१ आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फिरले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये तो खटला म्हणजे खटलाच नव्हता अशा अर्थाचे ताशेरे ओढून फेरखटल्याचा आदेश दिला, तोही गुजरातबाहेर, महाराष्ट्रात. मुंबईच्या कोर्टाने २००६ मध्ये नऊ जणांना दोषी ठरवलं. उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांतल्या चौघांची शिक्षा कायम ठेवली, पाच जणांना सोडलं.

मग आमच्या 'किंवा'ने हा फेरखटला अडला असता का? आमच्या मते नाही. तो आदेश अपिलात झाला. निर्दोष मुक्तता अंतिम झालेलीच नव्हती, वरच्या कोर्टाने ती रद्द केली. नानावटीत ज्या कारणाने प्रश्न उद्भवत नाही, त्याच कारणाने इथेही नाही. अपील आहे, पुनरीक्षण आहे, पीडितालाही २००९ च्या दुरुस्तीनंतर अपिलाचा हक्क आहे. खोटा खटला उलटवायचे मार्ग हे आहेत, आणि 'किंवा' त्यांतला एकही बंद करत नाही. तो बंद करतो ते एवढंच: सगळे मार्ग संपले, निकाल अंतिम झाला, आणि तरी सरकारला वाटलं म्हणून पहिल्यापासून पुन्हा. ज्यांना 'आणि' सोयीचा वाटतो त्यांनी त्याचा फायदा नक्की कुठे होतो ते दाखवावं. आम्हाला शोधून सापडला नाही.

थोडं 'एकाच अपराधा'बद्दल, कारण व्यवहारात माणसं तिथे जास्त अडकतात. मुंबई राज्य विरुद्ध आपटे हा १९६० च्या डिसेंबरातला निकाल. एका विमा कंपनीच्या पैशाच्या अपहाराचं प्रकरण. एकीकडे दंड संहितेचं कलम ४०९, दुसरीकडे विमा कायद्याचं कलम १०५. न्यायालय म्हणालं, दोन्हींचे घटक वेगळे, म्हणून अपराध वेगळे, म्हणून संरक्षण नाही. घटना एक, पैसा एक, माणसं तीच. पण अपराध दोन. तर्क म्हणून हे चोख आहे. पण याने विधिमंडळाच्या हातात फार सोपं साधन दिलं. जुन्या गुन्ह्यात एक घटक कमी-जास्त करून नवा कायदा केला की नवा अपराध तयार. आज धनादेश न वटण्याच्या बाबतीत हे रोज चालतं. कलम १३८ खाली फिर्याद, आणि त्याच धनादेशावरून फसवणुकीचीही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने दुसरा खटला चालणार नाही म्हटलं. २०१२ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने घटक वेगळे आहेत, चालेल म्हटलं. २०२२ मध्ये प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला गेला. तोवर तालुक्याच्या दुकानदाराने काय समजायचं?

आणि मंजुरीचा प्रश्न. सरकारी नोकरावर खटला भरायला मंजुरी लागते. वर्षानुवर्षं खटला चालतो, मग कळतं की मंजुरी देणारा अधिकारीच चुकीचा होता. मग तो खटला कायद्याच्या दृष्टीने झालाच नाही, आणि योग्य मंजुरी घेऊन पुन्हा सुरू करता येतो. भोपाळच्या बैजनाथ त्रिपाठी प्रकरणात १९५७ मध्येच हे ठरलं. चूक सरकारची, वर्षं मात्र आरोपीची गेली. तसंच आरोपमुक्त आणि निर्दोष मुक्त यांतलं अंतर. आरोप निश्चित होण्याआधीच पुराव्याअभावी सोडलं तर ते आरोपमुक्त होणं. कलम ३०० च्या स्पष्टीकरणानुसार ती निर्दोष मुक्तता नव्हे. गावी पेढे वाटण्याआधी निकालात कोणता शब्द आहे ते वाचून घ्यावं.

एक निकाल मात्र मनापासून आवडतो. मणिपूरचा, १९६४ चा, थोकचोम बिरा सिंग. जमावबंदी मोडल्याच्या पहिल्या खटल्यात तो जमावात होता हेच सिद्ध झालं नाही आणि तो सुटला. मग त्याच जमावातून दगडफेक केल्याचा दुसरा खटला. अपराध वेगळा, त्यामुळे अनुच्छेदही नाही आणि कलमाचा सरळ आधारही नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पहिल्या खटल्यात जो मुद्दा त्याच्या बाजूने ठरला, तो दुसऱ्या खटल्यात सरकारला पुन्हा उकरता येणार नाही. म्हणजे निर्दोष मुक्ततेला स्वतःचं वजन आहे, ती नुसती शिक्षेची अनुपस्थिती नाही. हे जे न्यायालयाला दिसलं, ते अनुच्छेदाच्या पाठात दिसत नाही.

त्या काकांना आम्ही नंतर निरोप धाडला, की आमच्या उत्तरात थोडी दुरुस्ती आहे, आणि ती नक्कल जपून ठेवा. पूर्वीची निर्दोष मुक्तता जुन्या संहितेच्या कलम २९८ प्रमाणे त्या कोर्टाची प्रमाणित नक्कल दाखवून सिद्ध करता येत असे. त्यांचा उलट निरोप आला की नक्कल आहे, पण शाई उडत चालली आहे, दुसरी काढायला किती पैसे पडतील.

प्रश्न असतील तर घेऊ या.